तिने मला अडवलं नव्हतं

परवा आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीचा मेळावा झाला. चाळ आता पाडणार, म्हणून जुने भाडेकरू जमले होते. पुतण्याने माईक घेतला आणि लोकांना हसवायला जुना किस्सा काढला. "आमचे काका सत्याग्रहाला निघाले, टोपी चढवली, आणि काकूला आला झटका! संयुक्त महाराष्ट्र आला, पण काका काही चाळीच्या दाराबाहेर पडले नाहीत!"

सगळे हसले. मीही हसलो असेन, सवयीने. घरी आल्यावर मात्र डोकं भणभणलं. ती जाऊन इतकी वर्षं झाली आणि अजून तिच्यावर हसताहेत. आता पुरे.

तिला झटके येत नसत. तिला भीती वाटे. आजचे डॉक्टर त्याला आजार म्हणतात, औषध देतात. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी नाडी बघून सांगितलं, "मूल झालं की सगळं ठीक होईल." मूल झालं नाही, तोही दोष तिचाच ठरला. माझ्या आईने अंगारे आणले. शेजारणी तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "नाटकं हो सगळी, नवरा मुठीत ठेवायची." त्यांच्यातल्या एकीनेही कधी आत येऊन तिला पाणी दिलं नाही.

भर दुपारी तांदूळ निवडता निवडता तिचे हात गार पडत. श्वास पुरेनासा होई. आपण आता मरणार अशी तिची खात्रीच होई. मी घरी असलो की तिचे तळवे चोळत बसे.

"काय ऐकू येतंय?"

"ट्राम."

"आणखी?"

"समोरच्यांचा स्टो. भडकलाय वाटतं."

असं करता करता श्वास जागेवर येई. हे मी मनापासून करत होतो, तेही लिहून ठेवतो.

त्या दिवसांत शहरात गोळीबार होऊन गेला होता. ओळखीचा एकजण मांडीत गोळी लागून इस्पितळात पडला होता. आमच्या चाळीतून तुकडी निघायची होती आणि मी आपणहून नाव दिलं होतं. निघणाऱ्यांना चाळीच्या दाराशी ओवाळायचं ठरलं.

मी तिला म्हटलं, "तू नको येऊस. शेजारच्या वहिनी ओवाळतील."

"तुम्हाला दुसऱ्या कुणी का ओवाळायचं?"

कित्येक महिने ती खाली उतरली नव्हती. त्या दिवशी दोन जिने भिंतीला खांदा घाशीत उतरली, हातात तबक घेऊन. निरांजन विझू दिलं नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि कुंकू लावलं. तिचं बोट जराही थरथरलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली. माझा पाय दाराबाहेर पडेना.

"चल रे, बायकोचं तोंड काय बघतोस!" तुकडीचा म्होरक्या ओरडला.

मी म्हणालो, "हिला बरं वाटत नाहीये. मी हिला वर नेतो."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. "तरी म्हटलं, अजून कसं नाही झालं!" एक बाई म्हणाली. ती तबक धरून तशीच उभी होती. धडधाकट. एक शब्द बोलली नाही.

वर आल्यावर तिने दार लावलं, तबक देवापुढे ठेवलं आणि मला कॉटवर बसवलं. माझे हात हातांत घेतले. ते घामाने भिजले होते, तिचे कोरडे होते.

"काय ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"घोषणा."

"आणखी?"

"ट्राम."

ती माझे तळवे चोळत राहिली.

पुढे राज्य मिळालं, चाळीत पेढे वाटले. "आता तरी सोडा हो यांना," असं कुणीतरी तिला म्हणालं. ती हसली. मी पेढा खाल्ला. तिच्या त्या गप्प बसण्याचासुद्धा मला आज संताप येतो. एकदा तरी माझ्या तोंडावर बोलायचं होतंस!

सकाळी पुतण्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका. गंमत होती ती."

"गंमत तिच्या नावावर आहे," मी म्हणालो. "ती माझ्या नावावर कर आणि मग हसव लोकांना."