बिब्ब्याचं भूत

रुख्माबाईच्या तोंडी सेलूत कोणी लागत नसे. जीभ अशी, की समोरच्याचं कातडं सोलून त्याच्याच हातात द्यावं. पण हाताला मात्र तोड नव्हती. कपाशीच्या चार वाळक्या पऱ्हाट्या, खताचं फाटकं चुंगडं आणि एक फुटकं मडकं, एवढ्यात ती असं बुजगावणं उभं करायची की डुकरं तर पळायचीच, पण वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून जाणारा माणूसही चुकून रामराम घालायचा. पार आंजी गावापर्यंतचे लोक मागून न्यायचे. आणि म्हणायचे काय? ‘अण्णाजीचं बुजगावणं!’ अण्णाजी म्हणजे तिचा नवरा. त्या माणसाला जन्मात एक गाठ धड मारता आली नाही, पण वावर त्याचं, म्हणून बुजगावणंही त्याचं! अण्णाजी गेला, वावर बटईनं, निम्म्या वाट्यावर कसायला दिलं, तरी रुख्माबाईच्या मनातला तो काटा काही निघाला नाही.

सून काजल घराच्या पुढच्या खोलीत लहान पोरांची नर्सरी चालवायची. या दोघींचं कधी एक दिवस पटलं असेल तर शपथ. ऑक्टोबरच्या शेवटी काजलनं टूम काढली, की नर्सरीत हॅलोविन करायचं. अंगणभर भुतं पाहिजेत, आणि खर्च नको.

“बाप्पा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण रोगराई घेऊन जाय म्हणत मारबत गावाबाहेर हाकलतो, आन् तू भुतं घरात बोलावून राह्यली?” रुख्माबाई फिसकारली.

“तुमाले जमत नसन तर राहू द्या, आई.”

हे ‘जमत नसन’ बरोबर वर्मी लागलं. “मले जमत नाई? अव, तुह्यं लगन व्हायच्या आंदी रानडुकरं माह्या नावानं पळत व्हती! करतो मी. पण एक ध्यानात ठेवजो. कोणी पुसलं, का हे कोणं केलं, तं नाव माह्यं सांगजो. अण्णाजीचं नाई, तुह्यं नाई. माह्यं.”

“सांगतो न, आई,” मोबाइलमधून डोकं वर न काढता काजल म्हणाली.

चार दिवस रुख्माबाई राबली. जुन्या धोतराची तीन भुतं केली, पऱ्हाटीचे हात, पोटात सरकीचा भुसा, धडावर मडकं. तोंडं रंगवायला तिनं बिब्बा घेतला. पूर्वी परीट कपड्यांवर त्याच्याच रसानं खूण करत, ती खूण कापड फाटेपर्यंत जात नसे. रंग फुकटचा, काळा कुळकुळीत. वावरातल्या बुजगावण्यांनाही ती तोच लावायची. डुकराला त्याचं काय!

पण बिब्बा उततो, कातडीला लागला की फोड आणतो, हे तिला पक्कं ठाऊक. दोनदा बजावलं, “काजल, हे वर कडूलिंबाच्या फांदीले टांगजो. पोट्ट्यायचा हात नाई लागला पाह्यजे.”

“हो, हो,” काजल म्हणाली.

सकाळी पोरांच्या आया आल्या. अंगण पाहून एकेकीचा आ वासला. रुख्माबाई स्वयंपाकघराच्या दाराआड कान टवकारून उभी होती. लुगडंसुद्धा तिनं नवं नेसलं होतं.

“कित्ती मस्त मॅडम! कुठून आणले?”

“नागपूरवरून मागवले,” काजल म्हणाली.

रुख्माबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा! आणि त्याच रागात तिला दिसलं, की भुतं फांदीवर नाहीत. फोटो चांगले यावेत म्हणून काजलनं ती खाली, पोरांच्या उंचीवर उभी केली होती. एक हाक पुरली असती. हाक तिच्या ओठांपर्यंत आलीही होती. पण तिनं दात आवळले. ‘जळो मेलं! नागपूरची भुतं हायत न? तं सांभाळ म्हणा तुह्यी तूच.’ पाठ फिरवून ती पोळ्या लाटायला बसली.

तोच अंगणातून तिच्या नातीचा आवाज आला. आचल पाच वर्षांची, घरातली एकटीच आजीच्या बाजूची.

“मम्मी खोटं बोलते! हे नागपूरचं नाई, हे माह्या आजीनं केलं! माह्या आजीनं!”

हातातलं लाटणं टाकून रुख्माबाई धावली. दारात येते तर काय, पोरीनं भुताच्या गळ्यात हात घातलेले, आणि आपलंच आहे हे सगळ्यांना दाखवायला गाल त्या काळ्या तोंडाला घट्ट दाबून धरलेला.

“सोड व माय, सोड!” तिनं पोरीला ओढून काढलं. गाल धुतला, खोबरेल चोपडलं. पण बिब्बा कोणाचं ऐकतो? दुसऱ्या दिवशी उजवा डोळा बंद झाला, गालावर फोडच फोड.

दवाखान्यात गर्दी होती, त्यात नर्सरीतल्या पोरांच्या दोघीतिघी आयाही. डॉक्टर भडकला, “लहान मुलांच्या वस्तूला बिब्बा? कोणी केलं हे?”

काजलनं सासूकडे बोट केलं. “यायनं. माह्या सासूनं. रुख्माबाई नाव हाय यायचं.”

चाळीस वर्षं जे ऐकायचं होतं ते रुख्माबाईनं चारचौघांत ऐकलं. टांगायला सांगितलं होतं, हे तिच्या जिभेवर आलं. पण दाराआड गिळलेली ती हाकही आठवली, आणि ती जीभ जन्मात पहिल्यांदा उचलली नाही. मांडीवरच्या आचलनं उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं वर पाहिलं.

“पाह्य आजी,” ती म्हणाली, “मम्मीनं सांगतलं तुह्यं नाव.”