मैदानावरचा निर्जळ उपवास

माझा मुलगा आखाती देशात, बुरैदा शहरातील एका महाविद्यालयात क्रीडा-प्रशिक्षक आहे. आधी रत्नागिरीस खो-खो, मग पुण्यास फुटबॉल. आणि येथे तर फुटबॉल, बास्केटबॉल व धावणे हे तिन्ही तो एकटाच शिकवतो. करार हंगामापुरताच असतो. करार गेला की इकामाही, म्हणजे येथे राहण्याचा परवानाही, जातो, हे आमच्या घरात कोणी उच्चारीत नाही. त्याला मधुमेह आहे. रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते.

या रमजानात सराव सूर्यास्तापूर्वी होत असे. खेळाडू निर्जळ असता आपण त्यांच्यासमोर घोटही घ्यायचा नाही, असा नियम त्याने स्वतःस घालून घेतला. पंगत उठल्यावाचून यजमानाने पानावर बसू नये, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे त्याला अडवण्यास मला शब्द सापडेनात. मी मैदानाकडेच्या बाकावर बसून मनात विष्णुसहस्रनाम म्हणत असे. एकही आवर्तन निर्विघ्न पार पडले नाही.

एके दिवशी त्याची शिट्टी ओठांपर्यंत पोहोचेना. वारा गार होता, तरी सदरा घामाने ओला झाला होता. साखर उतरली हे ओळखून मी खजूर घेऊन जवळ गेलो.

"अण्णा, ते खिशात ठेवा," तो अडखळत म्हणाला. "सगळे बघतायत."

रमजानात दिवसा चारचौघांत खाणे येथे गुन्हा मानतात, असे शेजाऱ्यांनी मला बजावले होते. खाल्ले तर नोकरी जाईल आणि न खाल्ले तर मुलगाच. तेवढ्यात संघाचा कर्णधार, येथलाच दाढीवाला तरुण, माझ्या हाताकडे पाहत आला. त्याने सर्वांना हाक मारली. ते धावत आले तेव्हा आता तक्रार होणार, अशीच माझी खात्री झाली.

त्यांनी आमच्याभोवती कडे केले आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

कर्णधार पाठमोराच राहून इंग्रजीत म्हणाला, "कोच, खा. आजाऱ्याला रोजा नसतो. तू पडलास तर हरल्यावर आम्हाला शिव्या कोण देणार?"

मुलाने खजूर तोंडात घातला. त्याचा जबडा फार सावकाश हलत होता. कोणीही मागे वळून पाहिले नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "मघाच्या खेळात उजवी बाजू मोकळी कोणी सोडली होती?" कर्णधाराने हात वर केला.

मुलाचा आवाज आता अडखळत नव्हता. मी तेथेच, त्या कड्याच्या आत, गवतावर बसलो.