वायरवाले गुलाबराव काका

केनवडच्या आमच्या शाळेतले लिपिक गुलाबराव काका कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी त्याची वायर बोटांनी शेवटपर्यंत चाचपत. पंखा असो की माईक. "दुसरं टोक कोठी जाते थे पाह्यल्याबिगर बटन दाबू नये," असं ते सांगत.

शाळेत नवा प्रिंटर आला, तेव्हा तो कॉम्प्युटरला वायरने जोडायचा की वायफायने, यावर आम्ही दोघं तीन दिवस भांडलो. मी विज्ञानाचा शिक्षक, म्हणून वायफायच्या बाजूने.

"काका, शिक्षकांच्या खोलीतून मोबाइलवरून कागद छापता येईल. तुमच्या टेबलापर्यंत यायचीच गरज नाही."

"थेच तर! मानूस येत नाही, नुसता कागद येते. वायर इमानदार असते, सर. हवेतलं कोनाच्या हाती पडन, काय भरोसा?"

मुख्याध्यापकांनी निकाल माझ्या बाजूने दिला. काकांनी वायर सुतळीने बांधून कपाटात ठेवली आणि प्रिंटरशी बोलणं टाकलं. एरवी ते कुठल्याही यंत्राला "चाल बाप्पा" तरी म्हणत.

पंधरा दिवसांनी, काका जेवायला गेले असतील अशा हिशेबाने, मी मोबाइलवरून बदलीचा अर्ज छापायला पाठवला. कार्यालयात धावलो, तर काका चष्मा नाकावर ओढून तोच वाचत होते.

"सर, 'विनंती' चुकली. शेवटी दुसरी वेलांटी पायजे."

माझे कान तापले. "सही करतो. पेन द्या."

"शाई नाही." खिशाला दोन पेनं होती. "बसा पहिले. काहून चालले थे सांगा."

मी बसलो. भाड्याची खोली, रोजचं एकट्याचं जेवण, संपता न संपणारा रविवार, सगळं सांगून टाकलं.

"दोन सालं झाले, अन् आज बोलून राह्यले? मले वाटे, सरले आमी गावठी वाटतो. सांजच्याले जेवाले या. नाही करमलं, तर उद्या सही करजा."

गेलो. काकूंनी भाकर आणि वांग्याची झणझणीत भाजी वाढली. डोळ्यांतून पाणी आलं, ते मी तिखटावर ढकललं. सही राहूनच गेली.

चार वर्षांनी काका निवृत्त झाले. निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. दोन वाक्यं बोललो आणि नुसती माईकची वायर चाचपत उभा राहिलो. समोरच्या खुर्चीवरून काका सगळ्यांदेखत म्हणाले, "बसा सर. बाकीचं घरी जेवता जेवता बोलू."