सुमीनं आज दगड झेलले

होटगीच्या समद्यांनो, ही म्हातारी आठवते का, की तेरावं घालून मोकळे झालात? मी सांगते, शेजारची कमल लिहिते. घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

तुमची आत्या सुमी हेडमास्तरीण झाल्यावर आज मॅट्रिकचा पहिलाच पेपर. मी डबा घेऊन शाळेत गेले, तर कुंपणाबाहेरून बाप्ये दगडाला उत्तरांचे कागद गुंडाळून वर्गाच्या खिडकीकडं फेकत होते. आन् सुमी खिडकीखाली उभी राहून एकेक दगड वरच्यावर झेलत होती! कॉलेजात बास्केटबॉल खेळायची, तेव्हा मीच म्हणायचे, चेंडू झेलून पोट भरतंय व्हय?

एकजण ओरडला, "बाई, घरला कशी जातीस तेच बघतो!"

सुमीनं डबा उघडला आन् म्हणाली, "आई, भाजीत मीठ लई झालंय." पण नजर कुंपणावरनं हलंना.

घरी नीट पोचलो, तरी दाराला कडी हाय. सोमवारी पुढचा पेपर. तिला घरी बस म्हणू का? तुमी म्हणाला असता?

मला तसं न्हाय म्हणवलं. सोमवारपासून मी बी शाळेच्या फाटकाशी बसणार. कडक भाकरी आन् शेंगाची चटणी धाडा, दोघींना सगळे पेपर पुरंल एवढी.