काळोख दाखवणारा दुकानदार

मालवणच्या बाजारातला आमचा टीव्हीवाला गिऱ्हाइकाला रंग दाखवत नाही, काळोख दाखवतो. शटर अर्धं ओढतो आणि प्रत्येक टीव्हीवर एकच व्हिडिओ लावतो. होडीत एकटा असताना त्यानेच काढलेला, काळोखातला समुद्र. फक्त कडेला दिवे असलेल्या स्वस्त टीव्हीत पाणी राखाडी दिसतं. महागड्यात पडद्यामागचे दिवे हवे तिथे विझतात, म्हणून पाणी काळंकुट्ट.

मी महागडा मागितला.

"ह्यो नको. तो स्वस्तातलो घेवा, बरो आसा," तो पडद्याकडे पाठ करून म्हणाला.

नफा सोडणारा दुकानदार! मी हट्टाने पडद्याजवळ वाकलो. होडीची कड बाहेरून घट्ट धरलेली चार ओली बोटं स्पष्ट दिसत होती.

"तुमका पण दिसली?" त्याने मागे न वळता विचारलं.