बाकावरची वाटणी

त्या सकाळी दवाखान्यात मला एका जागी बसवत नव्हतं. खिडकीशी जायचं, परत यायचं, बाबांच्या कपाळाला हात लावायचा. खाटेखाली लटकलेल्या पिशवीत लघवी गढूळच उतरत होती. शेजारच्या खाटेवरचे आजोबा वैतागून म्हणाले, बाई, घटकाभर टेक कुठंतरी.

प्रोस्टेट वाढून बाबांची लघवी अडली, म्हणून नळी घातलेली. ऑपरेशनचं ठरलं की ताप यायचा आणि सगळं पुढे जायचं. या वेळच्या तपासणीत कळलं, नेहमीच्या गोळ्यांना जंतू आता जुमानत नाहीत. उरलं इंजेक्शन, तेही लागू पडलं तर. डॉक्टरांनी विचारलं, आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का? मी ठणकावून हो म्हटलं. बोरगाव मेघेला माझ्या घरून रोज फोन करून विचारत होते ना मी! बाबा छताकडे बघत राहिले.

दुपारी बाबांच्या गावाहून, सिंदीहून, काका आले. कापसाच्या दलालीतले बाबांचे जुने जोडीदार. त्यांनाही हाच आजार, त्यांनाही नळी. दोघं रोज तिथल्या आमच्या दुकानासमोरच्या बाकावर बसतात, पिशव्या धोतराआड लपवून, आणि एकाच पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा निम्मा निम्मा खातात. काकांनी खिशातून गोळ्यांचं कापलेलं पाकीट काढलं.

"घे, तुह्यासाठी ठेवल्या होत्या."

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताप उतरला की गोळ्या बंद, आणि उरलेल्या दुसऱ्याच्या तापासाठी. किती महिने हे चाललं होतं कोण जाणे. मी पाकीट हिसकावून घेतलं आणि वयाचा मुलाहिजा न ठेवता दोघांना नको नको ते बोलले. अर्ध्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, माजतात, हेही सांगितलं. मला भयंकर भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझी जीभ सुटते.

भर उन्हाळ्यात काकांनी खांद्यावरचा दुपट्टा अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला. मी अजून बोलतच होते. बाबांनी माझा पदर ओढला.

"हुडहुडी भरून राह्यली त्याले," ते म्हणाले. "डॉक्टरले म्हन, माह्या सुईतली अर्धी याले दे."