आमच्या सुजाताची चौकशी

बसा, च्या येऊन राह्यला. तवर सांगतो. पण एक अट आहे. हसाचं तं माह्या तोंडावर हसाचं, बाहेर जाऊन नाही. बाहेर जाऊन हसणारे लोकं मले कळंबमध्ये काही कमी नाहीत.

माणसानं भैताडपणा, येडेपणा करावा, पण किती? एखादा पचते. मी एकाच आठवड्यात दोन केले! अन् दुसरा काहून केला? तं पहिला दुरुस्त कराले गेलो म्हणून!

तुम्हाले माहीत आहे, चिंतामणीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माहं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की लोकं माह्याकडं आणतेत. मागंच घर. घरात मी, बायको शीला अन् पोरगी सुजाता. पोरगी लय हुशार, आईवर गेली. अकोल्याले कापसावर शिकून राह्यलती, त्यातही बोंडअळीवर. तं तिले ऑस्ट्रेलियातल्या एका कॉलेजानं बलावलं. सहा महिने या, आमच्या इथं अभ्यास करा, राहाचा-खाचा सगळा खर्च आमचा. दरवर्षी इकडची एक पोरगी बलावतेत ते; मागच्या वर्षी अमरावतीची जाऊन आलती.

मी म्हटलं, "पोरी, बोंडअळी पाहाले ऑस्ट्रेलियाले कायले जा लागते? राळेगावच्या मामाच्या वावरात ढीगभर आहे, फुकट!"

"बाबा, तिथं त्याईनं अळी आटोक्यात आणली. कशी आणली ते पाहाचं आहे."

मग काय! छाती फुगवून गावभर सांगत फिरलो. पोरीनं व्हिसाचा अर्ज भरला, कान दिसतीन असा फोटो काढला, बोटाचे ठसे देऊन आली. अन् मग वाट पाहणं सुरू झालं.

इथं आले आमचे खुशालभाऊ. खुशालभाऊ म्हणजे माह्या दुकानातल्या बाकड्याचे मालक. बाकडा माहा, पण बसतेत ते. त्याईचा भाचा दुबईले आहे, म्हणून व्हिसा या विषयावर त्याईचा शब्द शेवटचा.

"देवानंद," ते म्हणे, "चौकशी होते बरं! माणसं घरी येतेत. साध्या कपड्यात. सांगत नाहीत कोण आहे म्हणून. इकडचं तिकडचं बोलतेत अन् एकच गोष्ट काढून घेतेत."

"कोणती?"

"पोरगी परत येईन का नाही! तिकडंच राहून जाईन असा जरासा वास आला का, खल्लास!"

मले पटलं. कायले नाही पटणार? पासपोर्टच्या वेळेस पोलीस आलाच होता की घरी! पासपोर्टले पोलीस येते, तं व्हिसाले त्याच्यापेक्षा मोठा कोणी येईन. हिशोब सरळ होता.

तं एका रविवारी मी दुकानात मोटर चालवून पाहून राह्यलो. घर्र घर्र आवाज. तितक्यात शीलाचा फोन. ती अन् सुजाता बाजारात गेलत्या. तिचं बोलणं मले इतकंच ऐकू आलं, "...आज सुजाताच्या चौकशीले लोकं येऊन राह्यले. आम्ही येतोच. चांगले कपडे घालून बसा!"

आता तुम्हीच सांगा, मी काय समजाले पाह्यजे होतं?

मोटर बंद. आंघोळ. पांढरा शर्ट. अन् केस विंचरतो न विंचरतो तं दारात पांढरी गाडी उभी! मधातून एक उंचपुरे, पिकल्या मिशांचे साहेब उतरले. सोबत जाड चष्म्याच्या बाई. बाई उतरल्या उतरल्या आमच्या घराकडं वरून खालपर्यंत अशा पाहाले लागल्या, म्हटलं हीच मोठी अधिकारी. मागं एक तरुण पोरगा, फोनवर बोलत गाडीपाशीच थांबला. तो ड्रायव्हर असन, असा मीच अंदाज लावला.

"देवानंदजी आपणच ना? आम्ही सुजाताच्या संबंधानं आलो. जरा लवकरच आलो. तुम्हाले कळलं असन."

"कळलं ना साहेब! या, या! कवाची वाट पाहून राह्यलो."

बसवलं. पाणी देलं. साहेबांनी घसा साफ केला.

"पोरीच्या मनात आहे ना? नाहीतं मायबापाच्या मनात असते अन् पोरीच्या नसते."

"असं कसं साहेब! तिनं स्वतः अर्ज केला."

"अर्ज?"

"ऑनलाइन. फोटोसकट."

बाईनं साहेबांकडं पाह्यलं. साहेब म्हणे, "असो, आजकाल सारं ऑनलाइनच जमते. आणखी कुठं पाह्यलं होतं?"

"तीन ठिकाणी अर्ज केलते. दोघाईनं नाही म्हटलं. तुमच्याकडनं मात्र लगेच होकार आला! वर सगळा खर्चही तुमचाच!"

"आमचा?" साहेब खुर्चीतून पुढं सरकले. "कशाचा खर्च?"

"राहाचा, खाचा, जाण्यायेण्याचा. वर महिन्याच्या महिन्याले हातखर्चाले वेगळे." मी हात जोडले. "लय उपकार आहेत तुमचे."

बाईच्या हातातला पेला खाली आला. मले वाटलं, आपण साधे माणसं आहोत हे पाहून बाई भारावल्या.

"अन् पोरगी तिकडं रमन का?" बाईनं विचारलं. आवाज जरा धारदार झालता.

आला! खुशालभाऊनं सांगतलेला सवाल आला! मी सावरून बसलो.

"बाई, रमाचा प्रश्नच नाही. सहा महिन्याची तं गोष्ट!"

"सहा महिन्याची?"

"सहा महिन्यावर एक दिवस राहणार नाही! परतीचं तिकीट आधीच काहाडून ठेवलं आहे."

दोघंही एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागले. मले वाटलं, याईचा विश्वास बसून नाही राह्यला. आणखी जोर लावला.

"तुम्ही बिलकुल काळजी करू नका. ही परत आली की पुढच्या वर्षी दुसरी पोरगी येईन तिच्या जागी. मागच्या वर्षी नाही का, अमरावतीची होती? मुदत संपली, गुपचूप परत आली. काही तक्रार झाली का?"

"अमरावतीची?" बाई उभ्याच राह्यल्या. "काहो, अमरावतीची कोण?" हे त्याईनं मले नाही, साहेबांले विचारलं!

साहेबांच्या मिशा थरथरल्या. "अगं, मले काय माहीत? मी पहिल्यांदा ऐकून राह्यलो!"

मी मनात म्हटलं, पाहा, केवढं मोठं ऑफिस आहे! एका साहेबाले दुसऱ्या साहेबाचं माहीत नाही.

साहेब ताडकन उभे राह्यले. "देवानंदजी, एक सरळ सांगा. पोरीचं लग्न कराचा तुमचा विचार आहे का नाही?"

खुशालभाऊ म्हणलेच होते, हे लोकं फिरवून फिरवून विचारतेत! म्हणजे पोरगी तिकडं लग्न करून बसन का, हेच ना? मी छातीवर हात ठेवला.

"लग्न? बिलकुल नाही! तिनं मनात आणलं तरी मी बाप म्हणून होऊ देणार नाही! पाह्यजे तं स्टॅम्पपेपरवर लिहून देतो!"

अन् नेमकी त्याच वेळेस सुजाताले घेऊन शीला दारातून आत आली. एका हातात आलूबोंड्याची पुडी, दुसऱ्या हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी.

"अगं बाई! मारेगावचे पाव्हणे आले पण? जयभीम, जयभीम! काय वो, च्या तरी ठेवला का नाही तुम्ही?"

मारेगावचे पाव्हणे! डोक्यातून जळक्या मोटरीसारखा धूर निघाला हो माह्या! ते साहेब म्हणजे वामनराव, मारेगावचे रिटायर झालेले मास्तर. त्या बाई त्याईच्या घरच्या. अन् गाडीपाशी उभा असलेला 'ड्रायव्हर' म्हणजे नवरदेव, प्रशांत! कॉलेजात शिकवते तो पोरगा! शीलाच्या बहिणीनं स्थळ सुचवलं होतं, पण ऑस्ट्रेलियाचं सांगाले ती इसरली होती.

मी कसंबसं सारं सांगतलं. खुशालभाऊ, साधे कपडे, चौकशी, सगळं. सांगता सांगता घाम फुटला. पहिले हसला तो प्रशांत, दारात उभा राहून. असा हसला, असा हसला, की त्याले पाहून सुजाताही हसाले लागली. मग त्याईनं दोघाईनंच बाहेर अंगणात काय बोलणं केलं माहीत नाही, पण आत येऊन पोरगा म्हणे, "सहा महिन्याचं काय आहे, मी थांबतो."

बाईचा राग मात्र काही उतरला नव्हता. जाता जाता म्हणाल्या, "आमच्या भोपाळच्या मोठ्या बाईंचा फोन येईन. प्रशांतच्या आत्या. हिंदी बोलतेत. घरात त्याईचाच शब्द चालते. त्याईच्याशी नीट बोलून घ्या."

गाडी वळली अन् शीला माह्याकडं वळली.

"सहा महिन्यात परत येईन म्हणे! दुसरी येईन म्हणे! आता त्या आत्याचा फोन आला तं एकच सांगाचं, पोरगी देली म्हणजे जन्माची देली. 'परत' हा शब्द तोंडातून काहाडाचा नाही. समजलं?"

समजलं ना! इतकं समजलं, की दोन दिवस मी मोटरीच्या तारा गुंडाळता गुंडाळता हिंदीच घोकून राह्यलो.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. लांबलचक नंबर. बाईचा आवाज, साखरेसारखा.

"नमस्ते जी, सुजाता के पिताजी बोल रहे हैं? उनके बारे में दो-चार बातें पूछनी थीं।"

"पूछो ना दीदी! आपके ही फोन का रास्ता देख रहा था!"

"अच्छा? तो बताइए, वहाँ कितने समय रहने का इरादा है?"

"समय? दीदी, जनमभर का इरादा है!"

तिकडून कीबोर्डाची टकटक ऐकू आली. मग, "मतलब, वापस नहीं आएंगी?"

"वापस कायको आएगी? एक बार दे दी सो दे दी! दिवाळी को आई तो दो दिन रखेंगे, तिसरे दिन हम खुद गाडी में बिठा देंगे!"

"और वहाँ काम भी करेंगी?"

"करेगी ना! नौकरी करेगी, घर का बी करेगी. खाली नई बैठने की हमारी लडकी!"

"तो वहीं बस जाएंगी, परमानेंट?"

"एकदम परमनंट! बाल-बच्चे, सब वहींच! तुम धक्के मारके निकालोगे तो बी नई निकलेगी, मेरी ग्यारंटी!"

मी खूश! शीला सैपाकघराच्या दारात उभी होती, तिले अंगठा दाखवला. तिनंही मान डोलावली.

तं तिकडून बाई म्हणते, "धन्यवाद सर। मैं वीज़ा की जाँच के लिए बोल रही थी।"

फोन कटला.

अंगठा तसाच वर राह्यला माहा. शीला विचारून राह्यली, "काय म्हणे आत्या?" आता काय सांगू तिले, आत्या काय म्हणे?

त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे कोणी वाढलंच नाही. सुजाता रडली नाही, ओरडली नाही. नुस्ती माह्याकडं पाहत राह्यली, अन् ते लय वाईट असते. इतक्या वर्षाची पोरीची मेहनत, अन् बापानं फोनवर दोन मिनिटात तिचं ऑस्ट्रेलियात बाल-बच्च्यासकट बस्तान मांडून देलं! मी म्हटलं, "पोरी, मी पुन्हा फोन लावतो, समजावून सांगतो." तं मायलेकी दोघी एका आवाजात ओरडल्या, "नाही!" अन् माहा फोन काहाडून घेतला.

मग सुजातानं दार लावून घेतलं अन् त्या ऑफिसले मेल लिहिला. सगळं खरं खरं. मारेगाव, वामनराव, भोपाळची आत्या, काहीच लपवलं नाही. त्यावर तिले तिकडून फोनही आला. आतून तिचा आवाज ऐकू येऊन राह्यला होता, पण बोलणं समजून नव्हतं राह्यलं. मी दाराबाहेर उभा, गुन्हेगारावाणी.

पुढच्या आठवड्यात व्हिसा आला!

नागपूरच्या विमानतळावर तिले सोडाले गेलो. मारेगावचे पाव्हणेही आलते, अन् प्रशांतची माय आता हसून बोलत होती. सगळ्याईच्या देखत विचारवत नव्हतं, पण राहावलंही नाही. मी सुजाताले बाजूले घेतलं.

"पोरी, एक सांग. मी एवढं सगळं बोलून बसलो, तरी त्या बाईनं व्हिसा कसा देला? तू असं काय सांगतलं?"

सुजाता म्हणते, "मी वेगळं काही नाही सांगतलं बाबा. सगळं ऐकून ती बाई लय वेळ हसली. मग एकच सवाल विचारला, तुमचे वडील तुमच्यासोबत चालले का? मी म्हटलं, नाही. तं म्हणे, मग काहीच अडचण नाही!"